जमा आणि नावे



दुकानदाराची खतावणी तुम्ही पाहिलीच असेल. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. दिवाळीला दोन्ही बाजूंच्या बेरजा होतात, वजाबाकी होते आणि खाली एक आकडा उरतो. इतके येणे, नाहीतर इतके देणे. पैशाचे हे असे होते. पण माणसाचे होते का? एखाद्याने उभ्या आयुष्यात जे चांगले केले, त्यातून त्याने जे बिघडवले ते वजा करून खाली एकच आकडा मांडता येतो का? आज तुम्हाला दूर अमेरिकेतल्या एका खेळाडूची गोष्ट सांगतो. त्याला खेळ सोडून बरीच वर्षे झाली, तरी त्याचा हिशेब काही तिथल्या लोकांना जुळवता येत नाही.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या ओळखीचा नाही. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच. तोही गोल नव्हे, दोन्ही टोकांना निमुळता. एका बाजूला अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. असे करत चेंडू मैदानाच्या पलीकडच्या पट्ट्यात नेला की टचडाउन. प्रत्येक वेळी चेंडू आधी ज्याच्या हाती येतो आणि तो कुणाकडे द्यायचा, कुठे फेकायचा हे जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. म्हणजे गाडीचा कासरा त्याच्या हाती. त्याने फेकलेला चेंडू आपल्या गड्याने झेलला तर वाहवा. समोरच्याने मध्येच झेलला तर चेंडू त्यांचा. त्याला म्हणतात इंटरसेप्शन. आणि हा सगळा विचार दोन-तीन सेकंदांत करायचा, तोही समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना!

आता गाव पाहा. विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे शहर आहे. वस्ती जेमतेम एक लाखाची. मुलूख दूधदुभत्याचा, चीजसाठी नावाजलेला. तिथले लोक सामन्याला जाताना डोक्यावर चीजच्या फोडीसारख्या पिवळ्या टोप्या घालतात. न्यूयॉर्क, शिकागो अशा अवाढव्य शहरांच्या पंक्तीला या एवढ्याशा गावाचा पॅकर्स हा संघ बसतो. बाकीच्या संघांचे मालक धनाढ्य लोक. पॅकर्सचा मालक मात्र कुणी एक नाही. १९२३ पासून तो लोकांचा आहे. आपल्या सहकारी कारखान्यासारखे लोकांनी भाग घेतले आहेत, पण त्यावर लाभांश मिळत नाही आणि नफ्यासाठी ते विकताही येत नाहीत. भिंतीवर टांगायला एक कागद मिळतो, एवढेच. तरीही भागधारक पाच लाखांवर आहेत. त्यामुळे तिथला माणूस संघाबद्दल बोलताना ‘ते जिंकले’ म्हणत नाही, ‘आम्ही जिंकलो’ म्हणतो.

अशा गावात १९९२ मध्ये ब्रेट फार्व्ह आला. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या किल्न नावाच्या खेडेवजा गावचा पोरगा. आई शिक्षिका, वडील शाळेत खेळाचे प्रशिक्षक. १९९० मध्ये मोटार उलटून त्याच्या आतड्याचा तीस इंचांचा तुकडा काढावा लागला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात तो पुन्हा मैदानावर उभा राहिला आणि त्याच्या विद्यापीठाने अलाबामाच्या बलाढ्य संघाला हरवले. अटलांटाच्या संघाने त्याला घेतले, वर्षभर बसवून ठेवले आणि ग्रीन बेला देऊन टाकले.

२० सप्टेंबर १९९२ ला पॅकर्सचा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि हा आत आला. सामना संपायला तेरा सेकंद उरले असताना त्याने टचडाउनचा चेंडू फेकला आणि संघ एका गुणाने जिंकला. पुढच्या आठवड्यापासून तो पहिल्यापासून खेळू लागला, तो डिसेंबर २०१० पर्यंत एकही सामना चुकला नाही. ओळीने २९७ सामने! कुठल्याही क्वार्टरबॅकला ते आजवर जमलेले नाही. बोट मोडले, घोटा मुरगळला, तरी गडी हजर. या हजेरीची किंमतही त्याने मोजली. १९९६ मध्ये दुखणे मारणाऱ्या गोळ्यांचे व्यसन सोडवण्यासाठी त्याला उपचारगृहात राहावे लागले. तिथून तो बाहेर आला आणि त्याच हंगामाच्या शेवटी, जानेवारी १९९७ मध्ये, ग्रीन बेने अजिंक्यपद मिळवले. त्याआधीचे १९६८ चे होते. मधल्या एकोणतीस वर्षांत गावात एक अख्खी पिढी नुसत्या जुन्या गोष्टी ऐकत वाढली होती.

आणखी एक दिवस तिथले लोक विसरत नाहीत. २१ डिसेंबर २००३ ला त्याचे वडील अचानक वारले. दुसऱ्याच रात्री सामना होता. तो खेळला. चार टचडाउन, ३९९ यार्ड, आणि सामना ४१ विरुद्ध ७. परक्या गावचे मैदान, पण समोरच्या संघाचे लोकही टाळ्या वाजवत होते.

ही झाली जमेची बाजू. आता वादाकडे वळू. वाद एक नाही, तीन आहेत.

पहिला वाद खेळातला. फार्व्हने ५०८ टचडाउन फेकले, तसे ३३६ चेंडू शत्रूच्या हातातही दिले. हा दुसरा विक्रमही आजवर त्याच्याच नावावर आहे. एक चाहता म्हणतो, ज्याने जिथे कुणी धजत नाही तिथे चेंडू फेकला, त्याचे दोन-चार चुकणारच. शेती करायची तर पावसाचा जुगार आलाच. दुसरा म्हणतो, धाडस वेगळे आणि हेका वेगळा. जानेवारी २००८ मध्ये हाडे गोठवणाऱ्या थंडीत, घरच्या मैदानावर, अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर त्याने फेकलेला चेंडू न्यूयॉर्क जायंट्सच्या गड्याने झेलला आणि सगळे संपले. दोघांचेही खरे आहे. पण मंडळी, हा वाद सोपा, कारण इथे जमा आणि नावे एकाच खात्यातली आहेत. याच हाताने मिळवले, याच हाताने घालवले. वजाबाकी करावी. माझ्या मते केली तरी बाकी भरपूर उरते.

दुसरा वाद जरा अवघड. मार्च २००८ मध्ये त्याने रडत रडत निवृत्ती जाहीर केली. गावही रडले. आणि उन्हाळ्यात तो म्हणाला, मला पुन्हा खेळायचे आहे! इकडे तीन वर्षे बाकावर बसून शिकलेला ॲरन रॉजर्स तयार झाला होता, कारभार त्याच्या हाती दिला होता. आता सांगा, हे चित्र तुमच्या ओळखीचे नाही का? म्हातारा म्हणतो, आता मी काही बघणार नाही, सगळे पोरांनी बघावे. पण तिजोरीची किल्ली कमरेला तशीच. पोराने कांद्याऐवजी हरभरा पेरायचा म्हटला की म्हातारा बांधावर हजर. कारभार हाती घेणे जितके अवघड, त्याच्या दुप्पट अवघड तो सोडणे.

पॅकर्सने त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवले. वर्षभराने तो मिनेसोटा व्हायकिंग्जकडून खेळायला उभा राहिला. हा संघ म्हणजे ग्रीन बेचा बांधालगतचा, पिढीजात वैरी. त्या २००९ च्या हंगामात चाळिशीच्या फार्व्हने आपल्या जुन्या गावाला दोनदा हरवले. त्याच्याच मैदानावर त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो केली. कितीतरी घरांतले चार नंबरचे सदरे माळ्यावर गेले.

या वादात चूक कोणाची? मला विचाराल तर थोडी थोडी दोघांची. जाणाऱ्याला वेळ कळली नाही आणि ठेवणाऱ्यांनाही वाट मोकळी करून देण्याचे कसब साधले नाही. पण हे खाते गाव आणि तो, या दोघांमधले होते, म्हणून ते मिटू शकले. रॉजर्सने फेब्रुवारी २०११ मध्ये अजिंक्यपद आणले, गावाची जखम भरली. जुलै २०१५ मध्ये फार्व्हचा सत्कार ठेवला आणि त्याचा चार नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही असे ठरले. सोहळा मैदानाला लागून असलेल्या इमारतीत. मैदानात नुसता मोठ्या पडद्यावर दिसणार. तरी तो पाहायला सदुसष्ट हजार लोक जमले. माळ्यावरचे सदरे खाली आले. गंमत अशी, की पुढे २०२३ मध्ये रॉजर्सही तिथून गेला, तोही न्यूयॉर्क जेट्सकडेच, आणि त्याच्याही जागी तीन वर्षे बाकावर बसलेला पोरगाच आला. घराघरांतली चाल अशीच असते.

तिसरा वाद खेळाचा नाही. मिसिसिपी हे अमेरिकेतल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. लेकुरवाळ्या गरीब कुटुंबांना हातभार लागावा म्हणून वॉशिंग्टनहून राज्याला निधी येतो. तीन माणसांच्या कुटुंबाला २०२१ पर्यंत महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत. अमेरिकेत एवढ्यात महिन्याचे धान्यसुद्धा धड येत नाही. २०२० मध्ये राज्याच्या हिशेब तपासनिसांनी या निधीतला गैरवापर उघड केला, आणि तो आकडा पुढे सात कोटी सत्तर लाख डॉलरवर गेला. त्यातले अकरा लाख डॉलर एका संस्थेमार्फत फार्व्हला मिळाले होते, भाषणांसाठी आणि जाहिरातीसाठी. ती भाषणे झालीच नाहीत, असे तपासनिसांचे म्हणणे. शिवाय पन्नास लाखांहून जास्त डॉलर त्याच्या जुन्या विद्यापीठात व्हॉलीबॉलची इमारत बांधायला गेले. त्या इमारतीसाठी तो खटपट करत होता. त्याची मुलगी तेव्हा तिथे व्हॉलीबॉल खेळत होती.

त्याचे म्हणणेही सांगितले पाहिजे. पैसा गरिबांच्या योजनेचा आहे हे मला ठाऊक नव्हते, असे तो म्हणत आला आहे. अकरा लाखांची मुद्दल त्याने परत केली. व्याजाचा वाद कोर्टात गेला. त्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झालेला नाही. मात्र २०२२ मध्ये राज्याने त्याच्यासह अनेकांवर दिवाणी दावा लावला, आणि त्याच वर्षी त्याचे जुने मोबाइल संदेश छापून आले. हा पैसा कुठून आला ते वर्तमानपत्रांना कळेल का, अशी विचारणा त्यात होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तो अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलायला गेला आणि आपल्याला पार्किन्सन्सचा, म्हणजे कंपवाताचा, विकार जडल्याचे त्याने तिथेच सांगितले.

आता चाहत्यांत फूट पडली. एक म्हणतो, ज्याने एकोणतीस वर्षांचा दुष्काळ संपवला, त्याच्यावर चिखल कशाला उडवता? आता तर तो आजारी आहे. दुसरा म्हणतो, माळ्यावरचा सदरा आता चुलीतच घाला, सगळे खोटे होते.

मंडळी, माझ्या समजुतीप्रमाणे दोघेही एकच चूक करत आहेत. दोघेही सगळ्याची एकच बेरीज मांडायला बसले आहेत. खतावणीत प्रत्येकाच्या नावाचे खाते वेगळे असते ना? रामाच्या खात्यातली जमा कधी गोविंदाच्या देण्यात वळती होते का? फार्व्हने ग्रीन बेला जे दिले ते ग्रीन बेच्या खात्यात जमा आहे. १९९७ च्या त्या रात्री जो मुलगा बापाच्या खांद्यावर बसून नाचला, त्याचा आनंद आज खोटा होत नाही. तो त्याचा आहे, कुणी परत मागू शकत नाही. पण मिसिसिपीतल्या ज्या माउलीला महिन्याला १७० डॉलर मिळत होते, तिच्या खात्यात ५०८ टचडाउन जमा धरता येत नाहीत. तिने ती मागितली नव्हती आणि त्यांनी तिच्या घरची चूल पेटत नाही. तिचे काही देणे लागत असेल तर ते कोर्टाने ठरवावे आणि ज्याने द्यायचे त्याने तिलाच द्यावे. ग्रीन बेच्या लोकांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी तिच्या वतीने माफी देण्याचा अधिकार त्यांना नाही. आणि आजाराबद्दल कळवळा वाटणे हा माणुसकीचा भाग, हिशेबाचा नव्हे.

आपल्याकडेही हे होतेच. ज्याने गावात पाणी आणले त्याच्या सोसायटीच्या हिशेबाबद्दल कुणी विचारले, की लगेच चार जण उठतात: अरे, त्याने पाणी आणले! आणि हिशेबात घोळ निघाला की तेच चार जण म्हणतात, पाणीसुद्धा त्याने स्वतःसाठीच आणले. पाणी आले हे खरे. ते आपण पितो, त्याचे नाव घ्यावे. घोळ झाला असेल तर तोही खरा. ज्याचे गेले त्याला ते मिळाले पाहिजे. एक खरे म्हणायला दुसरे खोटे ठरवावे लागत नाही.

पोरांनाही हेच सांगा. भिंतीवर कुणाचे चित्र लावायचे असेल तर खुशाल लावावे, खेळ पाहून लावावे. पण चित्र लावले म्हणून तोंडाला कुलूप लावू नये.

बरे तर, पुढल्या आठवड्यात पुन्हा भेटू. रामराम!