लहान दिवस, संक्रांत आणि जोंधळ्याचे पाणी



संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे जुनी माणसे सांगतात. संक्रांत 14 जानेवारीच्या सुमारास येते; पण सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरलाच होऊन जातो. त्या दिवशी आपल्या जेऊरला सूर्य जेमतेम अकरा तास दिसतो. सतराशे वर्षांमागे हे दोन्ही दिवस जवळपास एकत्र येत. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, म्हणून सुमारे 72 वर्षांना एक दिवस असे अंतर पडत गेले.

हे दिवस सगळीकडेच पाळतात. इराणात यल्दाच्या रात्री डाळिंब-कलिंगड खात घरची मंडळी जागतात. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला शेतातच कडब्याच्या खोपीत पांडव पुजून भज्जी-आंबील जेवतात. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात. आपल्या घरी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी असतेच.

आता शेताचे बघा. 10 ऑक्टोबरला पेरलेला जोंधळा लहान दिवसाला 72 दिवसांचा, म्हणजे फुलोऱ्यात असतो. संक्रांतीला 96 दिवसांचा होऊन दाणे भरत असतो. विहिरीला पाणी असेल, तर फुलोऱ्याचे पाणी 70-75 दिवसांनी व दाणे भरतानाचे 90-95 दिवसांनी द्यावे. भारी काळ्या रानात हे शेवटचे पाणी सहसा लागत नाही. हलक्या-मध्यम रानात मात्र ते चुकले तर दाणा बारीक राहतो.

पेर मागेपुढे असेल, तर पेरणीची तारीख कॅलेंडरवर लिहून दिवस मोजा. भोगीची भाजी आणायला रानात जाल, तेव्हा भेगा आणि कणसे दोन्ही पाहून या.