खाडी राखायची तर रान राखा

कालवांची शेती करणारा माणूस डोंगरावर झाडं लावायला जातो, हे ऐकायला जरा विचित्र वाटतं. जपानच्या केसेन्नुमा उपसागरातले शिगेआत्सु हाताकेयामा यांनी १९८९ साली तेच केलं. प्रदूषणामुळे पाण्यावर लाल तवंग येई, कालवंही तांबडी पडत आणि गिऱ्हाईक पाठ फिरवी. मग त्यांनी सोबतचे मच्छीमार घेतले आणि उपसागराला मिळणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला, मुरोने डोंगरावर, रुंद पानांची झाडं लावायला सुरुवात केली. रानातल्या कुजक्या पाल्यातून विरघळलेलं लोह नदीवाटे समुद्रात जातं, त्यावर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि कालवांचं खाणं म्हणजे याच वनस्पती. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला.

कोकणाला हे कळायला जपान गाठायची गरज नाही. इथे सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतरच किती? पावसाळ्यात वरचा पऱ्या तांबडा झाला की खाडी तांबडी व्हायला वेळ लागत नाही. झाडोरा असेल तर पाणी पाल्यात मुरतं, सावकाश झिरपतं. तो गेला की उतारावरची माती थेट खाली येते. तिसऱ्या, मुळे, कालवं फारशी हलू शकत नाहीत, गाळाखाली गुदमरतात. माशांची अंडीही त्यातच दबतात.

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांनी साखळी उपोषण केलं. गाळ निघालाही. मात्र गाळाला फक्त वृक्षतोड कारणीभूत आहे, असं म्हणणं खोटं ठरेल. दरडी, बांधकामं, खणलेले डोंगर हेही आहेतच. पण वरून माती येतच राहिली, तर उपसा कधी संपणार?

किनाऱ्यावरच्या कांदळवनाला निदान कोर्टाचं कवच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं वरचं रान मात्र बहुतांशी खासगी मालकीचं. तिथे ठेकेदार एकरकमी पैसे मोजतो आणि अख्खा डोंगर बोडका करून जातो. पैशाची नड खरी असते, त्यामुळे मालकाला दोष देऊन काही साधत नाही.

म्हणून हे आवाहन दोघांना आहे. जमीनमालकांनी सरसकट तोड देऊ नये. तोडायचीच तर निवडून तोडावी, पऱ्याच्या दोन्ही काठांची आणि तीव्र उतारावरची झाडं सोडावीत, बुंध्यांना पुन्हा फुटवा येऊ द्यावा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार लागणारी परवानगी ठेकेदाराने खरोखर काढली आहे का, हे सही करण्याआधी पाहावं. देवराईला हात लावू नये.

दुसरं आवाहन खाडीकाठच्या मच्छीमार सोसायट्यांना. येत्या पावसाळ्याआधी वरच्या गावांच्या ग्रामसभांना जावं, खाडीत काय उरलंय ते तिथे सांगावं, आणि रान राखणाऱ्या मालकाला चार पैसे कसे मिळतील याचा विचार दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून करावा.