मैत्री करायला आपण शिकवतो का?



बारावीनंतर प्रवेश झाला, वसतिगृहात खोली मिळाली, की मुलांना निरोप देताना आपण एक वाक्य हमखास म्हणतो, "मित्र बघून कर, वाईट संगतीला लागू नकोस." वाक्य चुकीचं नाही. पण मित्र करायचा कसा, हे आपण कधी सांगितलेलंच नसतं.

माझा एक माजी विद्यार्थी शहरातल्या कॉलेजात शिकतो. पहिल्या वर्षी दिवाळीत गावी आला, तेव्हा मला भेटायला आला. म्हणाला, "मॅडम, अभ्यास जमतोय. पण तिथं माझं कुणीच नाही. मेसमध्ये एकटाच जेवतो. परत जाऊच नये असं वाटतं." मला एकदम आठवलं, तो चौथीत असताना त्याच्या वर्णनात्मक नोंदीत मीच लिहिलं होतं, 'वर्गात शांत बसतो.' तेही कौतुकाने! न बोलणारं मूल आपल्याला सोयीचं असतं. त्याची किंमत ते पुढे एकटं मोजतं.

गावातल्या शाळेत मैत्री आपोआप होते. तीच आळी, तोच बाक, तीच मुलं. कॉलेजात वर्ग मोठा, सगळे अनोळखी. त्यात "माझं बोलणं गावठी वाटेल" ही धास्ती. मग मूल मोबाईलमध्ये डोकं घालून बसतं. आणि संगतीचं म्हणाल, तर एकटं पडलेलं मूलच जो पहिला हाक मारेल त्याच्या मागे जाण्याची भीती जास्त.

मी डी.एड.ला गेले तेव्हा पहिले काही दिवस गप्पच होते. सराव पाठाच्या आदल्या संध्याकाळी गुंडाळी फळा हवा होता. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला भीत भीत विचारलं. तिनं फळा दिला, आणि तिला चित्रं काढता येत नव्हती म्हणून मी तिचे तक्ते रंगवले. आजही तिचा फोन येतो. मैत्री गप्पांनीच सुरू होते असं नाही. काही मागण्यातून, बरोबर काम करण्यातूनही होते.

म्हणून कॉलेजला जाणाऱ्या मुलांना मी सांगते, राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. १९६९ पासून ही योजना सुरू आहे. वर्षाला १२० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर. एकाच घमेल्याला दोघांनी हात लावला की ओळख करून द्यावी लागत नाही.

पण सुरुवात आपल्या वर्गापासून हवी. दर महिन्याला मुलांच्या जागा बदला. गटकार्यात नेहमीच्या जोड्या मोडा. नवीन मूल आलं तर त्याला शाळा दाखवायचं काम बुजऱ्या मुलाकडे द्या. पालकांनीही "किती मार्क पडले?" याबरोबर "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" हे विचारावं. कॉलेजातल्या मुलालाही फोनवर हेच विचारा, आणि उत्तर "एकटाच" असेल तर रागावू नका, ऐकून घ्या.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "परत जा, आणि पहिल्या दिवशी कुणाकडे तरी वही माग." तो गेला.

आता नोंदवहीत 'शांत बसतो' लिहिण्याआधी मी थांबते. तुम्हीही थांबून बघा.