नाळ कधी पडली?

बाळाची नाळ साधारण आठ ते पंधरा दिवसांत सुकून पडते. महिना उलटला तरी ती पडली नाही, तर घरात फारसे कुणी मनावर घेत नाही. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरही विचारत नाहीत. विचारायला हवे; कारण क्वचित का होईना, त्यामागे पांढऱ्या पेशींना चिकटता न येण्याचा आजार असतो.

पांढरी पेशी रक्तासोबत वाहत असते. जंतुसंसर्गाच्या जागी ती रक्तवाहिनीच्या अस्तराला घासत गडगडते. तिथून रासायनिक संदेश मिळाला की तिच्या पृष्ठभागावरचे, एरवी दुमडून बसलेले इंटिग्रिन हे प्रथिन ताठ होते आणि अस्तर पकडते. पकड बसल्याची खबर तेच प्रथिन पेशीच्या आत पोचवते. मग पेशी पसरते, वाहिनीबाहेर पडते आणि जंतूंना गाठते. इंटिग्रिनच्या शोधासाठी २०२२ मध्ये तीन शास्त्रज्ञांना लास्कर पुरस्कार मिळाला.

काही बाळांत या प्रथिनाचा एक भाग जन्मतः सदोष असतो. पेशी भरपूर, पण सगळ्या रस्त्यावरच. रक्तात त्यांचा आकडा तीस-चाळीस हजारांच्याही वर जातो आणि जखमेत पू मात्र नसतो. ‘पू नाही म्हणजे जखम चांगली’ हा समज इथे घात करतो. पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या पांढऱ्या पेशीच. त्या पोचल्याच नाहीत तर तो होणार कुठून? तरीही आकडा पाहून एकामागून एक वरची अँटिबायोटिक्स दिली जातात आणि महिने वाया जातात. तीव्र प्रकारातली बरीच बाळे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाअभावी दोन वर्षांच्या आतच दगावतात.

रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात. २८व्या दिवशी नाळ तशीच असेल, तर साधी रक्तगणना करावी. बहुतेक बाळे ठणठणीत निघतील. खर्च किरकोळ आहे. आकडा फार वाढलेला असेल, तर फ्लो सायटोमेट्रीने निदान होते. मुंबईत केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा आजारांचे निदान केले जाते.

आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. मामा-आत्याच्या मुलांत लग्ने होणाऱ्या घरांत ही शक्यता वाढते. आधीचे मूल तान्हेपणी संसर्गाने गेले असेल, तर २८ दिवसांचीही वाट पाहू नये.