आकड्यांचे रूपांतर आणि शेतातील निर्णय

शेतीच्या नोंदींमध्ये सरासरीला मानाचे स्थान आहे. पाऊस किती झाला, उत्पादन किती आले, कीड किती आढळली, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बहुधा एका सरासरीत दिले जाते आणि त्या एका आकड्यावर शेतकऱ्याचा खर्च, श्रम आणि कित्येकदा आरोग्यही अवलंबून असते. परंतु शेतातील सर्वच आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे विखुरलेले नसतात. उंची किंवा कणसाची लांबी मोजली तर मध्यभागी बरेच आकडे आणि दोन्ही टोकांना थोडे, अशी घंटेसारखी आकृती मिळते. यालाच प्रसामान्य वितरण असे म्हणतात. किडीची गणना मात्र तशी नसते. बहुतेक झाडांवर कीड थोडी किंवा मुळीच नाही, आणि एखाद्या झाडावर ती अतोनात, असेच चित्र आढळते. अशा आकड्यांची आकृती एका बाजूला लांब शेपटी असलेली दिसते. हे विषम वितरण होय.

विषम आकड्यांना गणिती क्रियेने प्रसामान्य वितरणाच्या जवळ आणण्याची रीत जुनी आहे आणि आज संगणकाच्या साह्याने ती एका ओळीत उरकता येते. ही सोय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि, रूपांतर कशासाठी करावयाचे आणि कशासाठी करावयाचे नाही, याचा विवेक सुटला तर तीच सोय शेतकऱ्यास महाग पडते.

एका रात्रीचे दहा सापळे

कपाशीच्या गावाचे एक उदाहरण घेऊ. गुलाबी बोंडअळीच्या पतंगांवर लक्ष ठेवण्यासाठी गावात दहा कामगंध सापळे लावले आहेत, असे समजावे. एका रात्री त्यांत अनुक्रमे ०, ०, १, २, २, ३, ४, ५, ९ आणि ७४ पतंग सापडले. बेरीज १०० झाली, म्हणजे सरासरी १० पडली. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग, ही या किडीची आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. पुढील दोन रात्रीही साधारण असेच आकडे आले आणि कार्यकर्त्याने केवळ सरासरी पाहिली, तर सारे गाव फवारणीस निघेल. वस्तुतः दहापैकी आठ सापळे मर्यादेच्या खाली आहेत. चुकला आहे तो आकडा नव्हे, तर त्याचा उपयोग. एका सापळ्यातील ७४ पतंगांनी इतर नऊ सापळ्यांची साक्ष झाकून टाकली आहे.

आता याच आकड्यांचे रूपांतर करू. प्रत्येक आकड्यात १ मिळवून त्याचा लॉगरिथम घेतला, त्या लॉगरिथमांची सरासरी काढली आणि उलट क्रिया करून ती मूळ मापात आणली, तर उत्तर सुमारे ३ येते. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा पाहिला, तर तो अडीच येतो. म्हणजे गावातील नेहमीचा सापळा कसा आहे, हे १० पेक्षा ३ हा आकडा अधिक खरेपणाने सांगतो.

परंतु येथेच दुसरा धोका उभा राहतो. ३ हा आकडा ८ पेक्षा बराच कमी आहे, सबब गाव सुरक्षित आहे, असे कोणी कळविले, तर ज्या शेतकऱ्याच्या सापळ्यात ७४ पतंग आहेत त्याच्यावर अन्याय होईल. कदाचित त्याच्या बांधालगत जुन्या पऱ्हाटीचा ढीग असेल किंवा जवळच जिनिंगचा कारखाना असेल, आणि गावातील पुढील प्रादुर्भावाचे मूळ तेथेच असेल. रूपांतराने लांब शेपटी आखूड होते, पण शेतातील कीड त्यामुळे एकानेही कमी होत नाही. २०१७ साली महाराष्ट्रातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीने केलेली हानी विस्मरणात गेलेली नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. अनावश्यक फवारणी आणि वेळेवर न केलेली फवारणी, या दोन्ही चुकांची किंमत किती मोठी असते, हे त्या एका वर्षाने दाखवून दिले.

रूपांतराचे खरे स्थान

मग रूपांतराचा उपयोग कोठे? तो प्रामुख्याने प्रयोगांच्या तुलनेत आहे. एखाद्या उपायाने कीड निम्मी होते असे मानले, तर ८ ची ४ होईल आणि ८० ची ४०. वजाबाकी पाहिली तर एकीकडे ४ चा फरक व दुसरीकडे ४० चा, म्हणजे एकच उपाय दोन ठिकाणी दहापट वेगळा भासतो. लॉगरिथम घेतल्यावर दोन्ही ठिकाणचा फरक सारखाच येतो, कारण लॉगरिथम पटीला बेरजेचे रूप देतो. निसर्गातील वाढ आणि घट बहुधा पटीने होत असल्यामुळे ही रीत शेतीच्या आकड्यांना मानवते. कीड जेथे अधिक, तेथे आकड्यांतील चढउतारही अधिक असतो. रूपांतराने हा चढउतार सर्व वाफ्यांत बराचसा सारखा होतो आणि तुलना न्याय्य ठरते. लहान गणनेसाठी वर्गमूळ, मोठ्या व पटीने बदलणाऱ्या गणनेसाठी लॉगरिथम, आणि शेकडेवारीसाठी कोनीय रूपांतर, अशी विभागणी रूढ आहे.

या शास्त्राची परंपरा शेतीच्या प्रयोगक्षेत्रातूनच वाढली आहे. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात आले आणि तेथील प्रयोगांतून प्रचरण-विश्लेषणाची पद्धत घडली. मॉरिस बार्टलेट यांनी १९३६ साली वर्गमूळ रूपांतरावर आणि १९४७ साली एकंदर रूपांतरांच्या उपयोगावर लेखन केले. १९६४ साली बॉक्स आणि कॉक्स यांनी योग्य घात आकड्यांवरूनच शोधण्याची पद्धत मांडली. भारतात वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा कृषि-कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. यांपैकी सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मूळ आकडे घंटेच्या आकाराचेच असले पाहिजेत, अशी प्रचरण-विश्लेषणाची अट नाही. उपायांचा व गटांचा परिणाम वजा केल्यावर जी त्रुटी उरते, ती प्रसामान्य वितरणाच्या जवळ असावी, एवढीच अपेक्षा असते. औषध मारलेले आणि न मारलेले वाफे एकत्र करून आलेख काढला तर तो विषम दिसणारच. तेवढ्यावरून रूपांतराची घाई करणे योग्य नव्हे.

शून्याची नोंद

संगणकाच्या कामात सर्वांत मोठी हानी होते ती शून्याची. शून्याचा लॉगरिथम अस्तित्वात नाही. पायथॉन भाषेतील नंपाय या संचात शून्याचा लॉगरिथम मागितल्यास इशाऱ्यासह उणे अनंत असे उत्तर मिळते. सायपायमधील बॉक्स-कॉक्सची क्रिया शून्य दिसताच काम नाकारते. अशा वेळी घाईत असलेला मनुष्य शून्याच्या ओळी गाळून टाकतो आणि काम पुढे चालू ठेवतो. वरील उदाहरणातील दोन शून्ये गाळली तर साधी सरासरी १० वरून १२.५ वर जाते. ज्या दोन शेतांत कीड नव्हती, ती शेते नोंदीतूनच नाहीशी होतात आणि गाव होते त्याहून अधिक रोगट दिसू लागते.

भर उन्हात शेतापर्यंत चालत जाऊन, सापळा उघडून, त्यात काही नाही हे पाहून कार्यकर्त्याने लिहिलेले शून्य हे कष्टाने मिळविलेले ज्ञान आहे. ते गाळण्याचा अधिकार कार्यालयात बसलेल्या कोणासही नाही. त्यासाठी उपायही सोपा आहे. आकड्यात १ मिळवून लॉगरिथम घेणारी क्रिया त्याच संचात तयार आहे. शून्य व ऋण आकडेही स्वीकारणारी यिओ-जॉन्सन पद्धत २००० सालापासून उपलब्ध आहे. मात्र शून्ये फारच असतील, तर कोणत्याही रूपांतराने त्यांचा ढीग मोडत नाही. सारी शून्ये एकाच जागी राहतात. अशा वेळी गणनेसाठीच रचलेली निराळी प्रतिमाने वापरणे श्रेयस्कर. गणनेच्या आकड्यांचे लॉगरिथम सरसकट घेऊ नयेत, असे ओ'हारा आणि कोट्झे यांनी २०१० साली स्पष्टपणे मांडले आहे.

शून्याचा मान राखून रूपांतर कसे करावे, याचे एक चांगले उदाहरण पावसाचे आहे. पावसाचे आकडेही विषम असतात. म्हणून मॅकी, डोएस्कन आणि क्लाइस्ट यांनी १९९३ साली मांडलेल्या प्रमाणित पर्जन्य निर्देशांकात ते प्रसामान्य वितरणाच्या मापात आणले जातात, आणि कोकणातील व मराठवाड्यातील तूट एकाच काट्यावर तोलता येते. त्या पद्धतीत कोरड्या कालखंडांची शून्ये गाळली जात नाहीत. त्यांचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजून हिशेबात धरले जाते.

बेरजेचा प्रश्न असेल तेथे

जेथे एकूण परिमाण हवे, तेथे रूपांतरित सरासरी कामाची नाही. दहा सापळ्यांत १०० पतंग होते. रूपांतरित सरासरी ३ ला दहाने गुणले तर ३० च येतात. उरलेले ७० गेले कोठे? पीककापणी प्रयोगांतही हेच तत्त्व लागू आहे. मंडळाचे एकूण उत्पादन साध्या सरासरीला क्षेत्राने गुणून मिळते. तेथे लॉगरिथमाची सरासरी वापरली तर उत्पादन खऱ्यापेक्षा कमी दिसेल, आणि त्यावर आधारलेला प्रत्येक हिशेब, मग तो विम्याचा असो वा धान्यसाठ्याचा, पाया सोडून उभा राहील.

सारांश, मूळ नोंद कधीही पुसू नये आणि रूपांतरित आकडे तिच्याशेजारी निराळ्या रकान्यात ठेवावेत. शून्याच्या जागी शून्य लिहावे, आणि पाहणीच झाली नसेल तेथे जागा रिकामी ठेवावी. या दोहोंत गल्लत झाली तर पुढील सारे गणित व्यर्थ जाते. गावास कळविताना केवळ एक सरासरी न कळविता साधी सरासरी, मधला आकडा आणि मर्यादा ओलांडलेल्या सापळ्यांची संख्या, असे तीन आकडे कळवावेत. वरील गावाचे उत्तर मग असे होईल: सरासरी १०, मधला आकडा अडीच, मर्यादेबाहेर २ सापळे. हे वाचून कोणता शेतकरी जागा व्हावा आणि कोणी आपला पैसा राखावा, हे सांगण्यास संख्याशास्त्रज्ञाची गरज उरत नाही.

गणिताने आकड्यांना शिस्त लावावी, हे उचितच आहे. परंतु फवारणीचा पंप खांद्यावर घेण्याचा निर्णय रूपांतरित आकड्यावर सोपवू नये. तो ज्या त्या शेतातील ज्या त्या सापळ्याच्या मूळ नोंदीवरच घेतला जावा. कार्यकर्त्याच्या वहीतील प्रत्येक आकडा हा एका शेताची साक्ष असतो. ती साक्ष जशीच्या तशी जपणे, हा संगणकाच्या युगातही विस्तारकार्याचा पहिला धर्म आहे.