गुलाबी बाथरूम फोडू नका

अमेरिकेत ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ बाथरूम हवं म्हणून आधी काय फोडतात? खरंखुरं मिड-सेंच्युरी बाथरूम! १९५० च्या दशकात तिथल्या उपनगरांत लाखो घरं उभी राहिली. त्यातल्या कित्येक बाथरूममध्ये गुलाबी टाइल्स आणि त्याच रंगाचं बेसिन, टब, कमोड. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मॅमी यांना हा रंग इतका प्रिय, की त्या छटेला ‘मॅमी पिंक’ नाव पडलं. सिमेंट-वाळूच्या जाड थरात बसवलेल्या त्या टाइल्स सत्तर वर्षांनंतरही हलत नाहीत.

त्या फोडून येतं काय? अक्रोडी रंगाचं लॅमिनेट आणि टेराझोचं चित्र छापलेल्या टाइल्स. मुळात ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हे नाव रूढ झालं ते कॅरा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ च्या पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक होतं फर्निचरवर. म्हणजे दिवाणखान्याचा कॅटलॉग आपण न्हाणीघरात चिकटवतोय.

कॅलिफोर्नियात जुनं घर घेणाऱ्या मराठी इंजिनिअरांनो, नीट चालणारा कोड फक्त जुना दिसतो म्हणून डिलीट करणाऱ्याला तुम्ही टीममध्ये काय म्हणता? पाइप गळत असेल तर पाइप बदला. सांधे काळे पडले असतील तर ते नव्याने भरा. पण अस्सल फोडून नक्कल बसवायची आणि वर तिला अभिरुची म्हणायचं, हे चालणार नाही.