घासू नका, वाचा

गेल्या महिन्यात ओतूरच्या बाजूला एका वाचकाच्या घरी गेलो होतो. आजोबांची .३१५ रायफल दाखवायला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. मखमली कापडातून काढून त्यांनी ती हातात दिली आणि माझं तोंड उतरलं. रायफल आरशासारखी लखलखत होती. मुलाच्या लग्नाला घर रंगवलं, तेव्हा हिलाही एका वर्कशॉपातून बफ मारून आणली, असं ते कौतुकानं सांगत होते. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याखेरीज कुणाकडे शस्त्र टाकणं हाच मुळात गुन्हा, पण ते बाजूला ठेवू. बीएसए या कारखान्याचा तीन रायफलींचा शिक्का असतो ती जागा चाचपली, तर बोटाला नुसती पुसट खाच लागली. नळी तपासून पास करणाऱ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे मुकुटाचे शिक्के गेलेले. नंबरातला शेवटचा आकडा ३ की ८ हे भिंगातूनही ठरेना. परवान्यावर ८ आहे. आता नूतनीकरणाच्या वेळी तपासणाऱ्याला ३ दिसला तर काय, हा प्रश्न मी विचारला आणि चहा तसाच निवत राहिला.

खरं तर जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे सांगावं लागू नये. आपण शिलालेखांच्या मुलखात राहतो. मानमोडीच्या लेण्यात नहपान राजाच्या अमात्याचा, अयमाचा लेख आहे. दान कुणी दिलं, कुणाच्या राज्यात दिलं आणि वर्ष ४६, एवढं त्यात आहे आणि तेवढ्यावर इतिहासकारांच्या पिढ्या भांडल्या. तो दगड कुणी गुळगुळीत करायला निघालं तर गाव काठ्या घेऊन येईल. रायफलीच्या लोखंडावरही हाच मजकूर असतो: कुणी बनवली, कुणाच्या राज्यात, कोणत्या वर्षी. तो मात्र आपण पॉलिश पेपरनं घासतो.

आपल्या दोन तालुक्यांत परवान्यावर खरीखुरी लष्करी रायफल मिळणं जवळपास अशक्य आहे. .३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. विलायतेत किंवा अमेरिकेत हौशी मंडळी शंभर वर्षांपूर्वीच्या ली-एनफिल्डनं स्पर्धा खेळतात, ते आपल्या नशिबी नाही. पण म्हणून आपल्या हातातल्या .३१५ ला कमी लेखू नये. हे बोअर आलं कुठून? काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं, ८ × ५० मिलिमीटर, बुडाला कड असलेलं. आणि यंत्रणा? तीच ली-एनफिल्डची. पलटणीतून चोरलेलं काडतूस खासगी रायफलीत बसू नये, हा इंग्रजांचा जुना घोर. १९०७ च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोअरही याच धास्तीनं बंद केलं, कारण मार्टिनी-हेन्रीची गोळी त्याच मापाची होती. मग विलायती कारखानदार .४७० आणि तत्सम मापांकडे वळले. तेव्हा तुमच्या कपाटातली .३१५ म्हणजे .३०३ चीच सख्खी बहीण, फक्त दुसऱ्या घरी दिलेली. बोल्टची मूठ उचलून मागे ओढा, पुन्हा पुढे लोटताना शेवटच्या बोटभर अंतरात जो दाब लागतो तो अनुभवा. कॉलेजात एनसीसीची डीपी रायफल ज्यांनी हाताळली आहे, त्यांच्या तळव्याला ती ओळख लगेच पटेल.

त्या डीपी रायफलींकडेही जरा नीट बघा. बार होऊ नये म्हणून निकामी केलेल्या, कवायतीपुरत्या उरलेल्या, पण दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी पट्टीवर, उजव्या अंगाला, सगळा जन्मदाखला कोरलेला असतो. वर मुकुट, खाली जीआरआय म्हणजे पंचम किंवा सहाव्या जॉर्ज बादशहाची आद्याक्षरं, मग ईशापूर, मग साल, मग नमुना. नमुन्याच्या तीन उभ्या रेघांपुढे तारा असेल तर ती युद्धकाळातली काटकसर समजा. १९०७ च्या नमुन्यावर डाव्या अंगाला लांब पल्ल्याची जादा माशी होती आणि मॅगझिन बंद ठेवण्याची पट्टी होती. १९१६ च्या सुरुवातीला हे सगळं कमी करून तारा लावला गेला. त्याच दिवसांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकून पडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. एक तारा वाचला की एवढं हाती लागतं. प्रजासत्ताकाच्या काळात मुकुटाच्या जागी अशोकस्तंभ आला.

आता नळीबद्दल. आपल्याकडे तेल म्हणजे सगळ्या रोगांवर औषध, असा समज आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचं मीठ नळीत बसतं. मीठ तेलात विरघळत नाही, तेल त्याच्यावरून नुसतं सरकतं. भीमाशंकरच्या अंगाला किंवा माळशेजच्या तोंडाशी पावसाळ्यात जी हवा असते, तिच्यात हे मीठ आठवड्याभरात नळी खातं. म्हणून .३०३ वाले सैनिक नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतत. उकळतंच, कारण नळी तापते आणि उरलेला ओलावा आपसूक उडतो. मग कोरडी चिंधी आणि मग तेल. घरातल्या बायका लोखंडी तवा असाच सांभाळतात, आपणच विसरतो. आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यातली मोकळी जागा, तपासल्याशिवाय पन्नास वर्षं गप्प पडलेल्या रायफलीतून हौसेखातर बार काढू नका. काढायचा तर रेंजवर.

आजोबा गेले की रायफल घरची होत नाही. तिचा परवाना त्यांच्याबरोबर संपतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानं अर्ज करायचा असतो. मुदतीत कुणी फिरकलं नाही तर ती सरकारजमा होते. त्याआधीचाही रस्ता आहे: परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. मागे पडलेली ठासणीची बंदूक गंजली आहे म्हणून ती कायद्यातून सुटली, असंही समजू नका. दुरुस्त करूनही जी चालणार नाही, तीच कायद्याबाहेर. २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे संग्राहकाचं मन मोडलं हे खरं, पण नियम तो नियम.

बिबट्याच्या भीतीनं जुनी रायफल बाहेर काढायची भाषा हल्ली उसाच्या पट्ट्यात कानावर येते. भीती खोटी नाही. पण बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, आणि त्याच्याबाबतचा निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे, तुमच्या-माझ्या चापाचा नाही.

निवडणूक आली की हत्यारं ठाण्यात जमा होतात आणि महिना-दोन महिने भिंतीला टेकून उभी राहतात. मागे एका ठाण्यातून माझी परत आली ती बोल्टवर लाल पापुद्रा घेऊन. चूक माझीच, तेल न लावता दिली होती. या वेळी जमा करण्याआधी नळीला आणि बोल्टला जाड वंगण लावा, बोल्टचा आणि मानेचा नंबर जुळतो का ते पावतीवरच लिहून घ्या आणि सगळ्या शिक्क्यांचे जवळून फोटो काढून ठेवा. त्यातले निवडक आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात चार पानं त्यासाठी राखली आहेत. शस्त्राचा आणि परवान्याचा नंबर झाकून पाठवा.